द्राक्षाच्या डोळ्यात घड कोण ठेवतो?

मणेराजुरीचा बागायतदार

नमस्कार. मी तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतो. माझा प्रश्न बागेतून निघालेला आहे, परंतु त्याचे उत्तर कृषी सेवा केंद्रात मिळण्यासारखे नसल्यामुळे तो येथे मांडत आहे.

ज्यांनी द्राक्षबाग जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. थंड प्रदेशातील द्राक्षवेल हिवाळ्यात झोपी जाते. आपल्याकडे ती तशी झोपत नाही, म्हणून आम्हांला वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यानंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत, म्हणजे नवा फुटवा देणाऱ्या कळ्यांत, पुढील हंगामाचा घड अतिसूक्ष्म रूपात तयार होतो, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी केली म्हणजे तो बाहेर येतो. जो घड मी फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडतो, तो आदल्या मे-जूनमध्येच काडीत जाऊन बसलेला असतो. म्हणून फळछाटणीच्या आधी आम्ही काही काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे तपासून घेतो. डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात घड आहे का आणि काडीच्या कितव्या डोळ्यावर आहे हे कळते, व त्यावरून किती डोळे राखून छाटायचे ते ठरते.

इतकी वर्षे मी फक्त अहवालाचा कागद पाहत आलो. यंदा तपासणी करणाऱ्या मुलीने मला स्वतः पाहू दिले. डोळ्याच्या गाभ्यात बारीक गोळ्यांचा पुंजका होता, आणि तो घड होता. ती म्हणाली की हा पुंजका सुरुवातीला घडही नसतो आणि बाळीही, म्हणजे आधाराला धरून चढण्याचा वेलीचा तणावाही, नसते. त्या दिवसांत ऊन चांगले मिळाले, काडीत अन्नसाठा असला, तर त्याचा घड होतो, आणि आभाळ भरून राहिले, कॅनॉपीत, म्हणजे वेलीच्या पानोऱ्यात, सावली दाटली, तर त्याचीच बाळी होते. ढगाळ वर्षी घड जिरतात आणि बागेत नुसत्या बाळ्या निघतात हे मला अनुभवाने ठाऊक होतेच, पण दोन्ही एकाच मुळातून निघतात हे मला नवीन होते.

घरी येऊन हे सांगितले तेव्हा आई म्हणाली, "त्याने आधीच मांडून ठेवलेले असते, आपण फक्त तोडायचे." मुलगा कृषी महाविद्यालयात शिकतो. तो म्हणाला, "हा संप्रेरकांचा खेळ आहे, यात कोणी काही मांडत नाही." मला दोन्ही उत्तरे अर्धी वाटली. आईचे मानले, तर ढगाळ वर्षी माझ्या बागेत बाळ्या मांडून कोण ठेवतो? मुलाचे मानले, तर सावलीत सापडलेली वेल उजेडाकडे चढण्यासाठी हात काढते आणि उन्हात पोहोचलेली वेल पक्ष्यांना बोलावण्यासाठी फळ काढते, हा एखाद्या शहाण्या माणसाने करावा तसा हिशेब तिच्यात आला कोठून?

निसर्गात हेतू खरोखर असतो, की आपण तो पाहतो? आणि वेलीला हेतू नसेल, तर त्याच निसर्गातून निघालेल्या माणसाला तो कोठून मिळाला? मी पन्नाशी ओलांडली आहे, मुलगा बाग पुढे चालवील असे दिसत नाही, आणि ही बाग काढावी की ठेवावी याचा विचार करताना हा प्रश्न मला केवळ पुस्तकी वाटत नाही. आईच्या श्रद्धेची टिंगल किंवा मुलाच्या विषयाची हेटाळणी न करता कोणी लिहील तर आभारी राहीन.

पठारावरचा मास्तर, सातारा

दादा, मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि दर सप्टेंबरमध्ये विद्यार्थ्यांना कास पठारावर नेतो. तेथे हाच प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो, फक्त द्राक्षाऐवजी कंदीलपुष्पाविषयी.

प्रथम एका शब्दाविषयी. मराठीतील 'का' हा शब्द दोन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात घालतो. 'एसटी का थांबली?' याला 'डिझेल संपले म्हणून' हे उत्तर होते आणि 'उंब्रजचे प्रवासी उतरवायचे होते म्हणून' हेही होते. पहिले उत्तर 'कशामुळे' याचे आहे, दुसरे 'कशासाठी' याचे. आपल्या मुलाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि मातोश्रींनी दुसऱ्याचे, म्हणून आपल्याला दोन्ही अर्धी वाटली.

निर्जीव सृष्टीत दुसरा प्रश्न सोडून देता येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. तो कशामुळे झाला याचा विचार करताना धरणात साठलेल्या पाण्याचा खालच्या खडकांवर झालेला परिणाम भूशास्त्रज्ञ पुढे ठेवतात. तो कशासाठी झाला हा प्रश्न त्यांच्या शास्त्रात उभाच राहत नाही. सजीवांच्या बाबतीत मात्र 'कशासाठी' टाळून चालत नाही. हृदय म्हणजे आकुंचन-प्रसरण पावणारा स्नायू एवढेच सांगितले आणि ते रक्त पुढे ढकलण्यासाठी आहे हे सांगितले नाही, तर विद्यार्थ्याला हृदय समजले असे मी म्हणणार नाही.

विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ मध्ये मांडलेला युक्तिवाद प्रसिद्ध आहे. माळावर घड्याळ पडलेले दिसले, तर त्याचे दाते एकमेकांत बसलेले पाहून कोणी तरी घड्याळजी असलाच पाहिजे असे आपण म्हणतो. मग डोळ्यासारखी त्याहून नाजूक रचना पाहून निर्माता का मानू नये? तरुण डार्विनला हा युक्तिवाद आवडला होता. १८५९ मध्ये त्याने नैसर्गिक निवडीचे जे तत्त्व पुढे आणले त्यामुळे रचनेचे आश्चर्य कमी झाले नाही, पण घड्याळजीवाचून तिचा उलगडा करण्याची वाट निघाली. आपल्या वेलीपुरते सांगायचे तर असे: रानातल्या वेलींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बारीक फरक होते. ज्या वेली सावलीत असतानाच फळ धरण्यात अन्न खर्च करत, त्या झाडांखाली दबून राहिल्या आणि त्यांचे बी फारसे पसरले नाही. ज्या सावलीत बाळी काढत आणि शेंड्याला ऊन लागल्यावर फळ धरत, त्यांचे बी पक्ष्यांनी दूरवर नेले. आज आपल्यापुढे आहेत त्या दुसऱ्या प्रकारच्या वेलींच्या वंशातल्या. शहाण्या माणसाचा जो हिशेब आपल्याला वेलीत दिसतो तो वेलीने केलेला नाही. असंख्य वेलींच्या मरण्यातून तो झालेला आहे. 'कशासाठी' याचे उत्तर येथे 'कशामुळे' याच्याच लांबलचक इतिहासात सापडते. अशा ध्येयवान दिसणाऱ्या पण ध्येय मनात धरणारा कोणी नसलेल्या व्यवस्थेसाठी जीवशास्त्रात १९५८ मध्ये कॉलिन पिटेंड्रिघ यांनी 'टेलिओनॉमी' असा वेगळा शब्दच काढला.

आता कासविषयी, कारण पेलीच्या घड्याळातली एक उणीव मला तेथेच समजली. पठार जांभ्याचे आहे, मातीचा थर बोटभर, आणि त्यात नत्र फारच कमी. म्हणून दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरते आणि सीतेची आसवे पाण्यातल्या सूक्ष्म पिशव्यांनी धरते. कंदीलपुष्प किडा खात नाही, त्याला फक्त कोंडते: बारीक माशी नळीत उतरते, नळीतले केस खालच्या बाजूला वळलेले असल्यामुळे तिला वर येता येत नाही, ती आत धडपडते, पराग तिला चिकटतो, मग केस कोमेजतात आणि ती सुटते. माशीच्या पदरात बहुतेक काहीच पडत नाही. घड्याळाचे सगळे दाते एका मालकासाठी फिरतात. पठारावर मात्र जितक्या जाती तितके मालक आहेत, आणि एकाची सोय ही दुसऱ्याची फसवणूक आहे. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगतो की 'कशासाठी' विचारण्याआधी 'कोणासाठी' विचारा.

दुसरे असे की ही रचना कोऱ्या कागदावर काढलेली दिसत नाही. आपल्या घशात अन्नाची आणि हवेची वाट एकमेकींना छेदतात, म्हणून घास अडकून माणूस दगावू शकतो. आपल्या डोळ्यात मज्जातंतू पडद्याच्या पुढून येऊन एका ठिकाणी बाहेर पडतात, आणि तेथे आपण आंधळे असतो. ऑक्टोपसच्या डोळ्यात तो आंधळा ठिपका नाही. साताऱ्यातल्या जुन्या वाड्याला चार पिढ्यांनी खोल्या काढाव्यात आणि शेवटी स्वयंपाकघरात जायला देवघरातून जावे लागावे, तसे हे आहे.

एवढे सांगून मी थांबतो. साऱ्या सृष्टीला मिळून काही अर्थ आहे की नाही हे वनस्पतिशास्त्राला सांगता येत नाही, आणि ते सांगण्याचा आव आणणारे माझे काही सहकारी मला आवडत नाहीत.

वाईकर

मास्तरांनी पेलीपासून सुरुवात केली, त्यामुळे घड्याळजीचा युक्तिवाद पाश्चात्त्य आणि आईंचे म्हणणे म्हणजे आपली परंपरा, असा समज होण्याचा संभव आहे. मी दर्शनांचा हौशी वाचक आहे, आणि आपल्याकडे हा वाद किती तऱ्हांनी झाला ते थोडे लांबण मान्य करूनही सांगावेसे वाटते.

नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचे, अनुमान असे होते की पृथ्वी, अंकुर इत्यादी वस्तू कोणी तरी केलेल्या असल्या पाहिजेत, कारण त्या कार्य, म्हणजे उत्पन्न झालेल्या वस्तू, आहेत, जसा घट. घट आहे तेथे कुंभार आहे. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीची ही बाजू सर्वांत नेटाने मांडली, म्हणजे पेलीच्या आठशे वर्षे आधी. पण त्यांच्याही आधी, सातव्या शतकात, बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी या अनुमानावर जो आघात केला तो मला आजही अचूक वाटतो. ते म्हणतात की माती घडवलेली दिसली म्हणजे कुंभार मानायचा असेल, तर वारूळही कुंभारानेच केले असे मानावे लागेल. घट कुंभार करतो हे आपण पाहिलेले आहे, म्हणून घटावरून कुंभाराकडे जाता येते. डोंगर किंवा अंकुर करताना आपण कोणालाच पाहिलेले नाही, आणि 'आकार आहे' एवढे साम्य त्या उडीला पुरत नाही.

आपल्या सांगली जिल्ह्यात नागपंचमी आणि शिराळा हे समीकरण आहे आणि वारुळाला हळदकुंकू वाहणारी माणसे घरोघरी आहेत, म्हणून हा दाखला मला जवळचा वाटतो. वारूळ वाळवी बांधते. त्यात हवा खेळती राहते, आतला ओलावा टिकतो, पण त्या संपूर्ण वास्तूचा आराखडा एकाही वाळवीच्या डोक्यात नसतो. प्रत्येक जण शेजारच्या ओल्या मातीच्या गोळीवर आपली गोळी ठेवतो. धर्मकीर्तींना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण दाखला मात्र त्यांनी नेमका तोच घेतला.

सांख्यांचे उत्तर आणखी वेगळे आहे, आणि बागायतदारांच्या प्रश्नाला ते सर्वांत जवळ येते असे मला वाटते. त्यांच्या मते प्रकृती जड आहे, तिला जाणीव नाही, तरीही ती पुरुषासाठी, म्हणजे चेतन तत्त्वासाठी, प्रवृत्त होते. जसे दूध अचेतन असूनही वासराच्या वाढीसाठी पान्हावते. हेतू आहे, पण तो मनात धरणारा कोणी नाही. मास्तरांच्या त्या १९५८ च्या शब्दाशी हे ताडून पाहावे. अर्थात सांख्यांना नैसर्गिक निवड माहीत होती असे म्हणण्याचा मोह मी टाळतो, कारण ती माहीत नव्हती. शंकराचार्यांनी सांख्यांना अडवलेही आहे: दूध आपोआप येत नाही, गाय चेतन आहे, तिला वासराची माया आहे, म्हणून ते येते.

परंतु खरी गंमत पुढे आहे. ईश्वर मानणाऱ्या वेदान्तालाच प्रश्न पडला की ईश्वराने सृष्टी कोणत्या प्रयोजनासाठी केली? प्रयोजन म्हणजे काही तरी हवे असणे, आणि हवे असणे म्हणजे उणीव. मंदबुद्धीचा माणूसही प्रयोजनावाचून हात हलवत नाही, असा टोला मीमांसक कुमारिलांनी लगावलेलाच होता. पूर्ण असलेल्या ईश्वराला प्रयोजन असेल तर तो पूर्ण नाही, आणि प्रयोजन नसेल तर तो कृती का करील? यावर वेदान्ताने दिलेले उत्तर म्हणजे लीला: ज्याला काही मिळवायचे उरलेले नाही असा राजा खेळतो तसे, किंवा श्वास चालतो तसे. म्हणजे या मताप्रमाणे सृष्टी ईश्वराची आहे, पण ती कशासाठीही नाही. आपल्या घरातील वादाच्या दृष्टीने पाहा: 'त्याचे आहे' हे मातोश्रींचे म्हणणे आणि 'कशासाठीही नाही' हे चिरंजीवांचे म्हणणे एकाच वाक्यात बसवणारे लोक आपल्याकडे होऊन गेले आहेत.

विट्याचा कारागीर

मी विट्याला यंत्रमागांच्या सुट्या भागांचे काम करतो. मास्तरांचा घशाचा आणि डोळ्याचा दाखला मला पटला नाही. यंत्रात एखादी खीळ मुद्दाम कमजोर धातूची ठेवलेली असते, की झटका बसला तर तीच तुटावी आणि महागडा भाग वाचावा. ज्याला हे माहीत नाही तो म्हणेल की बनवणाऱ्याने लबाडी केली. कोणतीही घडण ही तडजोड असते. करणाऱ्याला काय साधायचे होते हे ठाऊक नसताना त्याच्या कामातला दोष काढणे आमच्या धंद्यात अडाणीपणाचे समजतात. निर्मात्याचा उद्देश मास्तरांना कोणी कळवला?

पठारावरचा मास्तर, सातारा

आपला आक्षेप रास्त आहे आणि तो मला वर्गात आजवर कोणी घेतला नव्हता. उद्देश ठाऊक नसताना दोष काढता येत नाही, हे मान्य. परंतु मग त्याच न्यायाने सुबकपणाची वाखाणणीही करता येत नाही. उद्देश ठाऊक नसेल, तर गरुडाच्या डोळ्याकडे बोट दाखवून 'पाहा, केवढी योजना' असेही म्हणता येणार नाही, आणि पेलीचा सगळा डोलारा त्याच बोटावर उभा आहे. शिवाय तडजोड करावी लागते ती ज्याच्यावर लोखंडाच्या भावाचे आणि वेळेचे बंधन आहे त्याला. आपल्यावर ते आहे. वंशपरंपरेने आलेल्या शरीरावरही ते आहे, कारण जुनी भिंत पाडून नवी बांधायला त्याला सवडच मिळत नाही; राहता वाडा आहे तो. सर्वशक्तिमान असेल त्याच्यावर कोणते बंधन मानायचे, हे मात्र मला सुचत नाही.

कृष्णाकाठ, सांगली

मी सांगलीची. गावभागाच्या बाजूला आमचे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि आमचे दुकान छतापर्यंत बुडाले. शाळा नुकत्या सुरू होऊन गेल्या होत्या, तरी पुढच्या सहामाहीचा सगळा माल भरलेला होता. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या वह्या फावड्याने ओढून काढाव्या लागल्या, कारण कागदाचा लगदा होऊन तो जमिनीला धरून बसला होता.

त्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी मला पुराचे प्रयोजन सांगितले. कोणी म्हणाले की माणसाची पापे वाढली म्हणून नदी कोपली. कोणी म्हणाले की यातूनही काही तरी चांगलेच व्हायचे असेल. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते हे मला तेव्हाही कळत होते. पण पूर कशामुळे आला याची कितीतरी कारणे समोर होती: महाबळेश्वर आणि कोयनेच्या बाजूला कोसळलेला पाऊस, धरणांतून सोडलेले पाणी, पूररेषेच्या आत आपणच बांधलेली घरे, आणि अलमट्टीच्या फुगवट्याचा तर वाद अजून चालूच आहे. यांतील प्रत्येक कारणावर कोणी तरी काही तरी करू शकतो. 'नदी कोपली' यावर मात्र काहीच करता येत नाही, म्हणून ते उत्तर मला आळशीपणाचे वाटते; श्रद्धेचे वाटत नाही.

मास्तरांनी 'कोणासाठी' विचारा म्हटले आहे, तर तेही पुराच्या बाबतीत विचारून पाहिले. आपल्याकडे कृष्णाकाठची वांगी नावाजलेली आहेत. ती पिकतात मळीच्या जमिनीत, आणि ती मळी युगानुयुगे पुरानेच आणून टाकलेली आहे. मग पूर वांग्यांसाठी येतो का? ज्याची मळी आहे त्याला तसे म्हणावेसे वाटेल, आणि ज्याचे दुकान बुडाले त्याला वाटणार नाही. नदीला दोघांचीही वार्ता नसते. वेलीच्या बाबतीत 'वेलीसाठी' असे उत्तर तरी मिळते, कारण वेल जगते आणि मरते. नदीला जगायचे-मरायचे नसल्यामुळे तिच्या बाजूने 'साठी' हा शब्दच लागू होत नाही, असे मला वाटते. चुकत असेन तर सांगावे.

वाईकरांना एक विचारायचे आहे. लीला हा शब्द घरात बसून ऐकायला गोड आहे. छपरावर बसून बोटीची वाट पाहणाऱ्या माणसाला तो कसा ऐकवायचा?

दादा, माणसाच्या प्रयोजनाविषयी आपण विचारले आहे. मला एवढेच सांगता येईल की आम्ही दुकान पुन्हा उघडले तेव्हा त्यामागे काही उत्तर सापडलेले नव्हते. जूनमध्ये पोरांना वह्या लागतात आणि आम्हांला दुसरा धंदा येत नाही. आता माल पोटमाळ्यावर ठेवतो.

वाईकर

ताई, नाही ऐकवता येणार. आपला आक्षेप नेमका त्याच ठिकाणी घेतला गेला आहे: वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांत लीलेच्या सूत्रानंतरचे लगेचचे सूत्र या आरोपाचेच आहे की अशा सृष्टीमुळे ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा दोष येतो. तेथे दिलेले उत्तर कर्माचे आहे, म्हणजे ज्याचे त्याचे पूर्वकर्म पाहून ईश्वर फळ देतो. आणि तेच उत्तर 'पापे वाढली म्हणून नदी कोपली' या रूपात आपल्या दुकानाच्या पायरीवर येऊन पोहोचले. लीलेने सोडवलेली गाठ कर्माने पुन्हा बांधली, असे मला फार दिवसांपासून वाटते. हे बोलून दाखवले म्हणून आमच्या वाचनमंडळात एकदा बराच गदारोळही झाला होता.

नदीविषयी आपण चुकत आहात असे मला वाटत नाही.

मणेराजुरीचा बागायतदार

सर्वांचे आभार. दोन दिवस फवारणीच्या गडबडीत होतो म्हणून उत्तराला उशीर झाला.

मास्तरांचे 'कोणासाठी' मी बागेत फिरताना माझ्या वेलीला लावून पाहिले आणि माझाच प्रश्न मला चुकीचा मांडलेला दिसला. मी लिहिले होते की वेल पक्ष्यांना बोलावण्यासाठी फळ काढते. रानातली काढत असेल. माझी बाग थॉमसन सीडलेसची आहे. तिच्या मण्यात बी धरायला लागते आणि अर्ध्यावरच थांबते. पक्ष्याने मणी खाल्ला तरी वेलीच्या पदरात काही पडत नाही, आणि पक्ष्याने तो खाऊ नये म्हणून मी वर जाळी टाकतो. मणी लांबावा म्हणून जीए या संप्रेरकात (जिबरेलिक ॲसिड) घड बुडवतो, काडी डॉगरिज जातीच्या वेलीच्या खुंटावर कलम करून भरतो, आणि ऑक्टोबरमध्ये डोळा फुटावा म्हणून वर हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतो. वेलीने स्वतःच्या वंशासाठी जे कमावले होते ते सगळे मी माझ्याकडे वळवून घेतले आहे. हळदीचेही तसेच, तिला तर बीच धरत नाही, आणि सांगलीच्या पेठेत तिचे ढीग लागतात.

असे म्हटल्यावर मुलगा म्हणाला की हे उलटेही मांडता येईल: बी नसलेली वेल एरवी एका पिढीत संपली असती, तुमच्यासारख्या माणसांना गोडीची लालूच दाखवून तिने तालुकाभर स्वतःच्या काड्या लावून घेतल्या. पहाटे चारला मोटार चालू करायला उठतो तो मी, वेल उठत नाही. यावर मला उत्तर सुचले नाही. कंदीलपुष्पातली माशीही आपण स्वतःच्या कामासाठीच आत आलो असेच समजत असेल. फरक एवढाच दिसतो की माशीला हे कळले असते तर ती कदाचित आत गेली नसती, आणि मला कळूनही मी उद्या पहाटे उठणार आहे. तो फरक लहान आहे की मोठा, हे वाईकरांनी किंवा मास्तरांनी सवडीने सांगावे.

आईला मी लीला आणि कुंभार हे दोन्ही सांगितले. वारुळाचा दाखला तिला आवडला, पण तो देवाविरुद्धचा आहे हे तिला मान्य नाही. वाळवीला तरी कोणी केले, असे ती म्हणते. ताईंचे पुराचे लिहिणे मी तिला वाचून दाखवले. त्यावर ती काही बोलली नाही.

बाग काढण्याविषयी अजून ठरलेले नाही. यंदाच्या अहवालात घड पाचव्या ते सातव्या डोळ्यावर आले आहेत, म्हणून आठ डोळे राखून छाटणी घेतो आहे. जाताना त्या प्रयोगशाळेतल्या मुलीला मी विचारले होते की जो पुंजका अजून घडही नाही आणि बाळीही नाही, तो पाहायला मिळेल का. ती म्हणाली की छाटणीच्या वेळी आणलेल्या काडीत तो सापडत नाही, तोवर त्याचे काय व्हायचे ते होऊन गेलेले असते. तो पाहायचा असेल तर खरड छाटणीनंतर महिना-दीड महिन्याने, मेअखेरीस काड्या घेऊन या. त्या महिन्यात सहसा कोणी तपासणीला येत नाही, पण ती बघून देईन म्हणाली आहे.